टायफाइडवाली गल्ली: उत्तर नागपुरातल्या एका आशाताईची केस

आशाताईंच्या, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या ट्रेनिंगमध्ये आणि एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या पोरापोरींसोबत बोलताना मी ही केस नेहमी घेते, पण तिथे वेळ कमी पडतो अन् अर्धी गोष्ट राहून जाते, म्हणून एकदा सगळी लिहून काढतेय. केस एप्रिल २०२१ ची, म्हणजे दुसऱ्या लाटेची, नागपुरात रोज हजारांनी पेशंट निघत होते आणि बेडसाठी लोक रात्र-रात्र फोन लावून राहिले होते तेव्हाची. ताईच्या परवानगीने लिहितेय. तिचं नाव, वस्तीचं नाव, घर ओळखू येईल असं काही देणार नाही, उत्तर नागपूर एवढंच पुरे.

मला यातून काय दिसतं ते आधीच सांगते. कोविडात आशाताईंना घरोघरची माहिती आणायचं काम दिलं, पण त्या माहितीचं पुढे काय होणार, कोणाला नेतील, कोणाला घरीच ठेवतील, गल्ली बंद करतील की नाही, हे सांगायचा कसलाच अधिकार त्यांना दिला नाही. लोक विचारायचे, ताईला उत्तर माहीत नसायचं. या केसमध्ये तिला थोडी उत्तरं हातात मिळाली आणि एक दार उघडलं. नुसती जनजागृती करून ते उघडलं नसतं असं माझं ठाम मत आहे, आणि का ते पुढे येईलच.

आधीचं वर्ष

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आशा योजना गावांसाठी २००५ मध्ये सुरू झाली, शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये आशा आल्या त्या २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानंतर. शहरात साधारण एक हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा. ती त्या वस्तीतलीच बाई असते, तिचं सासर तिथलं, तिची पोरं तिथल्याच शाळेत, तिचा राशनचा दुकानदार तोच. वर तिची सिस्टर म्हणजे एएनएम, सरकारी नर्स, त्याच्यावर यूपीएचसीचे, म्हणजे शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर. पगार नाही, कामाच्या हिशोबाने मोबदला. शहरात गरोदर बाईच्या तपासण्या करवून दवाखान्यात डिलिव्हरी केली की सगळे मिळून ४०० रुपये, बाळाच्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी दिल्या की २५०, बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १००. नेहमीच्या ठरलेल्या कामांचे, म्हणजे यादी ठेवणं, मीटिंगला जाणं, याचे तेव्हा महिन्याला २०००.

आमची ही ताई या वस्तीत बरीच वर्षं काम करत होती. वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या जन्माच्या वेळी ती डागा या सरकारी बाळंतपणाच्या हॉस्पिटलच्या आवारात रात्रभर बसलेली. त्यामुळे तिला दार वाजवावं लागायचं नाही, सरळ आत जाऊन माठातलं पाणी घेऊन प्यायची, इतकं घरचं होतं.

नागपुरात पहिला पेशंट ११ मार्च २०२० ला निघाला. एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्यातल्या एका मृत्यूनंतर तिकडचे शेकडो लोक क्वारंटाईनला नेले, मोमिनपुऱ्यातही तेच, आमदार निवास, वनामती अशा ठिकाणी लोक ठेवले होते. तेव्हा आजार नवा होता, कोणालाच धड काही माहीत नव्हतं, संसर्ग रोखायला ते गरजेचं होतं असं म्हणणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण वस्तीत त्याची आठवण कशी राहिली ते बघा. ताईच्या वस्तीत एका घरी एक जण पॉझिटिव्ह निघाला, सर्व्हेत त्या घराची माहिती ताईनेच भरून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी बस आली. घरातले सगळे, शेजारचे सगळे, म्हातारी-कोतारी, पोरं, ज्याच्या अंगावर जे होतं त्यावर बसमध्ये. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. परत आल्यावर त्यातल्या एकाचं काम गेलेलं होतं, एकीच्या घरातल्या शेळ्या कोणी सांभाळल्या नाहीत म्हणून मेल्या होत्या.

आणि सगळ्यांचं बोट ताईकडे. "तूनंच नाव देलं." बस कोणाच्या हुकुमाने आली हे कोणी विचारलं नाही, कारण हुकूम देणारा माणूस गल्लीत राहत नाही, ताई राहते. दुकानदार सुट्टे पैसे तिच्या हातात देईना, काउंटरवर ठेवायचा. तिच्या पोराला खेळायला घेईनात. तिची सासू रोज म्हणायची, सोड ते काम, महिन्याचे किती येतात अन् किती शिव्या खातेस. तेव्हा कोविडच्या कामाचे केंद्राचे महिन्याला १००० रुपये ठरले होते, आणि जुलै २०२० पासून राज्याने आणखी २००० वाढवले.

मग सप्टेंबरमध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम आली. एक टीम, रोज ५० घरं, ताप मोजायचा, ऑक्सिमीटर लावायचा, शुगर-बीपी कोणाला आहे लिहायचं. ताई सांगते, त्या मोहिमेत बहुतेक घरांनी खिडकीतूनच उत्तरं दिली. ताप? नाही. खोकला? नाही. शुगर? कोणालेच नाही. ज्या बाईच्या शुगरच्या गोळ्या ताई स्वतः आणून देत होती ती बाई तोंडावर सांगते की मले शुगर नाही! फॉर्म भरून गेला, वरती वस्ती छान दिसली. आकडेवारीवर बोलणाऱ्या लोकांना मी हे मुद्दाम सांगते, की खोटं लोकांनी बोललं पण त्याआधी खरं बोलल्याची शिक्षा त्यांनी बघितली होती.

एप्रिल २०२१

आता मूळ केस. घर पाच माणसांचं. म्हातारे बाबा, पेंटिंगची कामं करायचे, साठीच्या पुढे. त्यांची बायको. मुलगा कळमना मार्केटमध्ये हमाली करतो. सून आठव्या महिन्यात. आणि एक चार वर्षांचा पोरगा. समोर छपरी, मग एक पक्की खोली, तिच्या मागे टिनाची खोली, मागे सांदवाडी म्हणजे परस अन् तिथे संडास.

ताईच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती सुनेमुळे. तिची तपासणीची तारीख गेली, आयर्नच्या गोळ्या संपल्या असणार तरी न्यायला कोणी आलं नाही. फोन केला तर "हो ताई, येतो" आणि येणं नाही. दुसरी गोष्ट मेडिकल स्टोअरवाल्याकडून कळली. तो म्हणाला, ताई, तुमच्या त्या गल्लीत पॅरासिटामॉल लई जाऊन राहिली. तिसरी गोष्ट म्हणजे गल्लीत तीन घरी टायफाइड निघाला होता, तिन्ही घरांचा डॉक्टर एकच, तो येऊन सलाईन लावून जायचा. एका गल्लीत एका आठवड्यात तीन टायफाइड, आणि तिन्ही घरी खोकला.

त्या काळात नागपुरातच काय, सगळीकडेच टायफाइडच्या नावाखाली किती कोविड दाबला गेला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. टायफाइड सांगितलं की कोणी पत्रे ठोकत नाही, एवढाच त्याचा फायदा. मी त्या घरांना दोष देत नाही. सलाईनवाल्या डॉक्टरला मात्र देते, त्याला नक्की माहीत होतं.

हे सगळं सर्व्हेच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. फॉर्ममध्ये ती गल्ली निरंक होती. ताईला जे दिसलं ते तिला वस्ती पाठ होती म्हणून, आणि हे काम बाहेरून आलेल्या, ड्यूटी लागलेल्या शिक्षकाला किंवा कर्मचाऱ्याला जमलंच नसतं, तो कितीही प्रामाणिक असला तरी.

ती गेली ती सर्व्हेची फाईल न घेता. सुनेचं माता-बाल संरक्षण कार्ड अन् गोळ्या घेऊन, सांदवाडीच्या बाजूने, म्हणजे समोरच्या घरांना दिसणार नाही असं. मास्क डबल. ऑक्सिमीटर पर्समध्ये. सासू मागच्या दारात उभी, आत येऊ देईना.

"बुढ्याले काई नाई झालं ताई, टायफाइड हाय, डॉक्टरनं सलाईन लावलं."

ताई म्हणाली, "मावशी, मी बाबाजीसाठी नाही आली, सुनबाईच्या गोळ्या द्यायले आली."

गोळ्या दिल्या, सुनेचे पाय बघितले, सूज होती थोडी. बाळ फिरते का विचारलं. मग मुलगा बाहेर आला आणि त्यानेच विषय काढला. "तुम्ही नाव लिहान तं आमाले गाडीत टाकून नेतीन. मागच्या साली काय झालं ते आमी पाह्यलं."

इथे ताईने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिने "असं काही होणार नाही" म्हटलं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं काय होईल. नियम दर महिन्याला बदलत होते, २०२० मध्ये जुलैनंतर लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य पेशंटला घरीच ठेवायची मुभा आली होती पण वेगळी खोली, वेगळा संडास असेल तर, आणि या घरात ते नव्हतं. तिने विचारलं, "भाऊ, नेलं तर तुमचं नेमकं काय बिघडते, ते मले सांगा. एक-एक सांगा." आणि तिथेच सांदवाडीत विटांवर बसली.

तीन गोष्टी निघाल्या. पहिली, बाबांना एकट्याला नेतील आणि परत दिसणारच नाहीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घाटावर नेतील, घरच्यांना तोंडही बघू देणार नाहीत. घाटांवर तेव्हा काय चालू होतं ते रोज मोबाईलवर दिसत होतं, त्यामुळे ही भीती कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. दुसरी, गल्ली बंद झाली तर मुलाची रोजी बुडेल, १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात आधीच कडक निर्बंध लागले होते अन् मार्केटमध्ये काम कमी झालं होतं. तिसरी गोष्ट सासू बोलली, बऱ्याच वेळाने.

"पोरीले पॉझिटिव्ह म्हणतीन तं तिची डिलेवरी कोण करन? डागावाले घेतीन का तिले?"

खरी अडचण ही होती. बाबांच्या तापापेक्षा सुनेच्या बाळंतपणाची. आणि ताई म्हणते की हा प्रश्न कोणत्याच फॉर्ममध्ये, कोणत्याच ट्रेनिंगमध्ये नव्हता, आम्हाला फक्त हात धुवायच्या स्टेप शिकवल्या होत्या.

मधली संध्याकाळ

तिने कोणाचंही नाव लिहिलं नाही. हा तिचा निर्णय चूक की बरोबर यावर माझ्या ट्रेनिंगमध्ये दरवेळी भांडण होतं. नियमाने तिने तिथल्या तिथे संशयित पेशंट कळवायला पाहिजे होता. काही जण म्हणतात, तेवढ्या तासांत गल्लीत आणखी दोघांना लागण झाली असती तर? प्रश्न खोटा नाही. पण तिने कळवलं असतं आणि टीम आली असती तर बाकी दोन टायफाइडवाली घरं त्याच रात्री कुलूप लावून गावाकडे गेली असती, असं तिला वाटत होतं, आणि मागच्या वर्षी असं झालेलं तिने बघितलं होतं. मी तिच्या बाजूने आहे.

घरी जाऊन तिने सिस्टरला फोन लावला, आणि सिस्टरने मेडिकल ऑफिसरना कॉन्फरन्सवर घेतलं. ताईने मदत मागितली नाही, उत्तरं मागितली. तीन प्रश्न जसेच्या तसे. आणि इथे त्या मेडिकल ऑफिसर मॅडमना मानलं पाहिजे, कारण त्यांनी "लोकांना समजावून सांगा" म्हणून फोन ठेवला नाही. त्यांनी सांगितलं की पॉझिटिव्ह बायकांच्या डिलिव्हरीची सोय मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत आहे, निगेटिव्ह असली तर डागा आहेच, दोन्ही बाबतीत कोणी परत पाठवलं तर मला डायरेक्ट फोन करायचा, रात्री असो की दिवसा, आणि माझा नंबर त्यांना द्या. गल्लीला पत्रे ठोकायचे नाहीत, त्या घरावर बोर्ड लावायचा नाही, हे मी महापालिकेच्या झोन ऑफिसला बोलते. बाबांना न्यावं लागलं तर घरचा एक माणूस कोणत्या फोनवर बोलू शकेल ते नेण्याआधी सांगू. घाटाबद्दल त्या म्हणाल्या, त्याचं मी काही वचन देऊ शकत नाही, ते खरं सांगा.

म्हणजे तीन प्रश्नांपैकी दोन-अडीच उत्तरं. पण ती खरी उत्तरं होती आणि त्यांच्यामागे एका माणसाचा फोन नंबर होता.

ऑक्सिमीटर आणि कूलर

रात्री ती परत गेली. उत्तरं सांगितली, जे वचन देता येत नाही तेही सांगितलं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला अन् म्हणाला, "पाहा मंग बुढ्याले."

बाबा बाजेवर. ताईने उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर आकडा ८४, मग ७९, मग नुसत्या रेघा. मुलगा घाबरला. तिने टॉर्च मारून बघितलं तर नखांत पेंट, वर्षानुवर्षांचा, निळा-पांढरा, नखाच्या मुळापर्यंत गेलेला. नेलपॉलिश असो की पेंट, नखावर रंग असला की मशीनचा उजेड आरपार नीट जात नाही अन् आकडा चुकतो. तिने डाव्या हाताची करंगळी घेतली, ती सगळ्यात साफ होती, खोबरेल तेल आणि कापडाने नख पुसलं, हात चोळून गरम केला, मशीन लावून पूर्ण मिनिटभर थांबली. ९१. म्हणजे ७९ नव्हतं, पण ९४ च्या खाली होतं, दवाखाना लागणारच होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मोहिमेच्या वेळी मेंदी लावलेल्या बायकांची बोटं बघून-बघून तिने स्वतः शोधलं होतं. आता माझ्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी हे पहिल्या तासाला घेते.

बेड लगेच मिळाला नाही. रात्रभर कंट्रोल रूमला फोन, ओळखीच्यांना फोन, सिस्टर तिकडून लावतेय, ताई इकडून. तोवर बाबांना पालथं झोपवलं, छातीखाली एक उशी, कमरेखाली एक, पायाखाली एक, दर थोड्या वेळाने कूस बदलायची. ताई दाराबाहेर वट्ट्यावर बसून मुलाला सांगत होती आणि तो आत करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एका सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळाला. नेण्याआधी मॅडमनी कबूल केल्याप्रमाणे फोन नंबर दिला, मुलगा अॅम्ब्युलन्सच्या मागे गाडीवर गेला.

मग बाकीच्यांच्या टेस्ट. मुलगा पॉझिटिव्ह, लक्षणं कमी. सून निगेटिव्ह, सासू निगेटिव्ह, पोरगा निगेटिव्ह. आता मुलाला घरात वेगळं ठेवायचं तर कुठे? कागदावर उत्तर सोपं आहे, दोन खोल्या आहेत, एक त्याला द्या. पण एप्रिलचं नागपूर आहे आणि मागची खोली टिनाची. घरात कूलर एक, तो पक्क्या खोलीत. दुपारी त्या टिनाखाली धडधाकट माणूस टिकत नाही, तापाचा पेशंट काय टिकेल आणि आठव्या महिन्याची बाई काय टिकेल. त्यामुळे रात्री सगळे एकाच कूलरसमोर, एका ओळीत. आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये होम आयसोलेशन का फसलं याचं निम्मं उत्तर मला त्या एका कूलरमध्ये दिसतं, पण नियम लिहिताना उन्हाळा कोणी धरला नव्हता.

ताईने वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या महिला मंडळाला विचारलं. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती सगळ्यांनी घरातच केली होती, विहाराचा हॉल अन् बाजूची लहान खोली रिकामी होती. सून, सासू अन् पोरगा तिथे राहतील, त्यांचा कोणाशी संपर्क येणार नाही, चौदा दिवस लक्ष ठेवू. यावर मंडळात चांगलंच वाजलं. पॉझिटिव्हच्या घरचे विहारात कशाला, उद्या सगळ्यांना झालं तर, आणि मागच्या वर्षी ही बाई आपल्याच लोकांना पकडून देत होती, असंही एकीने ऐकवलं. ताई म्हणते, मी काही उत्तर दिलं नाही, उत्तर नव्हतंच. मग मंडळातलीच एक वयस्क बाई उठली, तिचं स्वतःचं घर २०२० मध्ये त्या बसमधून गेलं होतं, आणि तिनेच सांगितलं की आपल्याले जे भोगा लागलं ते पोटुशा पोरीले नको. खोली मिळाली. कूलर गल्लीतल्या बिछायत केंद्रवाल्याने दिला, लग्नं बंद असल्यामुळे त्याच्याकडे कूलर नुसते उभे होते. डब्याची पाळी मंडळाने लावली, डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा.

एवढं झाल्यावर दुसऱ्या टायफाइडवाल्या घराने स्वतःहून ताईला बोलावलं. तिथे तिघे पॉझिटिव्ह निघाले, तिघेही घरीच बरे झाले. तिसऱ्या घराने शेवटपर्यंत दार उघडलं नाही. त्या घरातला कर्ता माणूस, चाळिशीचा, सलाईन लावलेल्या हातानेच गेला. मॅडमचा नंबर ताईने त्या दाराखालून चिठ्ठीवर सरकवला होता, त्यांनी फोन केला नाही. ताईने मला हे सांगताना म्हटलं की त्या घरची सून माझ्याकडे कधी तपासणीला आली नव्हती, ती माहेरी बाळंत झाली होती, म्हणून माझा तिथे धागाच नव्हता.

बाबा परत आले, मे महिन्यात, खूप अशक्त, पेंटिंगचं काम पुन्हा झालं नाही त्यांच्याकडून. सूनबाई निगेटिव्हच राहिली, डागात डिलिव्हरी झाली, मुलगी.

हिशोब

या सगळ्यात ताईला काय मिळालं तेही केसचाच भाग आहे. डिलिव्हरीचे ४०० मिळाले. बाळाच्या ६ भेटींचे २५० मिळाले. कोविडचे महिन्याचे ठरलेले मिळाले, उशिरा. वट्ट्यावर बसून काढलेली रात्र, तिन्ही घरं जोडून बघणं, मंडळाची मीटिंग, चिठ्ठी, याला हेडच नाही. क्लेम फॉर्ममध्ये अशी ओळच नाही. मोबाईल तिचा, रिचार्ज तिचा, मास्क अर्धे तिचे.

मे महिन्यात तिला स्वतःला कोविड झाला. सौम्यच होता, घरी राहिली. काम नाही म्हणजे त्या दिवसांचा कामावरचा मोबदला नाही, सिक लीव्ह हा प्रकार आशाताईंना नाही कारण त्या कर्मचारीच नाहीत, कागदावर स्वयंसेविका आहेत. केंद्राने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा जाहीर केला त्यात आशा होत्या, ही चांगली गोष्ट, पण तो जीव गेला तर. आजारी पडून जगलात तर त्यातून काही नाही. २०१३ मध्ये भारतीय श्रम संमेलनाने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या अशी शिफारस केली होती, ती तेव्हापासून तशीच पडून आहे. मला या एका गोष्टीचा फार राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

१५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा बेमुदत संपावर गेल्या. आमची ताईही गेली. २३ जूनला मिटला, मानधनात १००० आणि कोविड भत्ता ५००, असे महिन्याला १५०० वाढले. संपाच्या दिवसांत वस्तीतल्या लोकांनी तिला फोन करून विचारलं की लसीचं सेंटर कुठे चालू आहे, आणि ती संपावर असूनही सांगत राहिली. संपाचं बळ यानं कमी होतं असं युनियनवाल्यांचं म्हणणं, तेही मला पटतं. पण फोन करणारी बाई शेजारची असते, तिला काय सांगणार?

पुढे मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात ५००० ची वाढ केली, तीही आधीच्या मोठ्या संपानंतरच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. ताईला त्याचा आनंद झाला, खरा आनंद, तिने स्टेटस ठेवलं होतं.

लसीच्या वेळी

१ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस सुरू झाली आणि वस्तीत पुन्हा तेच, लस घेतली की माणूस मरते, मूल होत नाही, ताप येते म्हणजे कोविडच देऊन राहिले. कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी २८ दिवस, मग ६ ते ८ आठवडे, मग १३ मेपासून १२ ते १६ आठवडे झालं, आणि प्रत्येक वेळी लोक ताईलाच विचारणार की काल काही वेगळं सांगत होती. गरोदर बायांना जुलैपर्यंत लस नव्हती, बाळाला पाजणाऱ्यांना १९ मेपासून चालू झाली.

म्हणून त्या सुनेला घेता आली. ती अन् सासू दोघी सेंटरवर गेल्या, आणि आल्यावर सासू वट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवत होती. ताईने त्या गल्लीत एकही पॅम्फ्लेट वाटलं नाही. तिने मॅडमकडून आधीच विचारून घेतलं की लसीनंतर ताप आला अन् त्या दिवशीची रोजी बुडली तर काय सांगायचं, रात्री जास्त झालं तर कोणाला फोन करायचा, आणि ते दोन्ही तिने लस घ्यायच्या आधी प्रत्येक घरी सांगितलं. त्यातून हमालांच्या घरी शनिवारी लस घ्यायचं ठरलं, म्हणजे रविवारी पडून राहता येतं. तिसऱ्या घराची सूनही आली, शेवटी-शेवटी, एकटी, पोराला कडेवर घेऊन, आणि सेंटरच्या बाहेर तिने ताईला आधी एवढंच विचारलं की बाळाचे राहिलेले डोस कुठे द्यायचे.

ट्रेनिंगला आलेल्या सिस्टर आणि मेडिकल ऑफिसर लोकांना मी या केसवर एकच काम देते. तुमच्या आशाताईला आत्ता फोन करा आणि विचारा की वस्तीतले लोक तिला असे कोणते प्रश्न विचारतात ज्याचं उत्तर तिच्याकडे नाही. मग त्यातल्या किती प्रश्नांचं उत्तर तुम्ही तुमच्या सहीने, तुमच्या नंबरने देऊ शकता ते लिहा, आणि जे देऊ शकत नाही ते वर कोणाला विचारणार ते लिहा. हे महामारी येण्याआधी करायचं. सध्या टीबीचे, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे सर्व्हे चालू असतात, तिथेही घरोघर तेच प्रश्न आहेत, की सिकलसेल निघाला तर पोरीचं लग्न कसं जमेल, टीबी निघाला तर मालक कामावर ठेवेल का, आणि ताई तिथेही फाईल घेऊन उभी आहे.